पायाचा दगड : ऑर्केस्ट्रातील बेस गिटारवादक

हैदराबादच्या कोठी भागाला लागून असलेला जामबाग हा तेथील मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा परिसर. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था येथेच आहे. निजामी राजवटीत उर्दूचा वरचष्मा असताना मराठी शिक्षण जिवंत ठेवणाऱ्या संस्थांत तिची गणना होते. अशा परिसरात गणेशोत्सव म्हटला की जुन्या हिंदी-मराठी चित्रगीतांचा कार्यक्रम ओघानेच येतो. फलकावर गायकांची छायाचित्रे असतात, निवेदकाचे नाव असते, कधी की-बोर्डवादकाचाही उल्लेख असतो. मागच्या रांगेत, ड्रमसेटच्या शेजारी, लांब मानेची आणि चार जाड तारांची गिटार घेऊन उभ्या असलेल्या वादकाचे नाव मात्र घेतले गेलेच तर अगदी शेवटी घेतले जाते.

हे चित्र हैदराबादपुरते नाही. फोंड्याच्या उत्सवातील वाद्यवृंद असो, म्हापशातील गीतांची मैफल असो वा मडगावच्या लग्नातील बँड असो, बेस गिटार वाजवणाऱ्याची जागा सर्वत्र हीच. तो नेमके काय करतो हे श्रोत्याला सांगता येत नाही. तो नसला तर काहीतरी उणे वाटते, परंतु काय उणे आहे हेही सांगता येत नाही. आणि आयोजकाने खर्चाला कात्री लावायची ठरवली की पहिली नजर जाते ती याच वादकाकडे. या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे आणि ते त्या वाद्याच्या स्वभावात दडलेले आहे.

चार तारा आणि खर्जाचा प्रदेश

बेस गिटारच्या चार तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांच्याच स्वरांत, पण एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. पुढच्या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ कंपनांच्या आसपास असतात. पुरुष गायकाचा नेहमीचा आवाजही सहसा इतका खाली उतरत नाही. एवढा खर्ज मिळावा म्हणून तारांची लांबीही वाढवावी लागते. साध्या गिटारची तार साधारण ६५ सेंटिमीटर, तर प्रचलित बेस गिटारची ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर लांब असते.

हे वाद्य येण्यापूर्वी खर्जाचे काम डबल बेस करीत असे. व्हायोलिनच्या कुळातील, माणसाच्या उंचीहूनही मोठे असे ते वाद्य गावोगावी नेणे जिकिरीचे होते आणि ड्रम व कर्ण्यांच्या गर्दीत त्याचा आवाज बुडून जात असे. अमेरिकेतील सिएटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात गिटारसारखे आडवे धरता येणारे विद्युत बेस वाद्य बनवले होते. तथापि ते सर्वदूर पोहोचले नाही. ते श्रेय लिओ फेंडर यांच्या १९५१ सालच्या 'प्रिसिजन बेस'कडे जाते. या नावातच त्याचा विशेष होता. डबल बेसवर स्वरस्थान अंदाजाने शोधावे लागे. येथे सतारीप्रमाणे पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागे.

भारतीय चित्रपटसंगीतातही हाच क्रम दिसतो. आरंभीच्या वाद्यवृंदांत डबल बेस होता आणि पुढे विद्युत बेस गिटारने त्याची जागा घेतली. या स्थित्यंतराच्या काळात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोमंतकीय वादक आणि संयोजकांचा मोठा वाटा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावे त्या परंपरेत आदराने घेतली जातात. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी होती. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातील टोनी वाझ हे बेस गिटारसाठी जाणकारांना परिचित आहेत. बेस गिटार वाजवणारे चरणजित सिंग तर एकीकडे ध्वनिमुद्रणे करीत आणि दुसरीकडे लग्नसमारंभांत चित्रगीते वाजवणारा स्वतःचा ऑर्केस्ट्राही चालवीत. स्टुडिओ आणि मांडव यांतील अंतर तेव्हा फारसे नव्हते.

एक स्वर बदलला की सारे बदलते

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला बेसचे कार्य समजावून घेण्यासाठी तानपुरा हा जवळचा दाखला आहे. तानपुऱ्याचा षड्ज अचल असतो. गायक कोठेही गेला तरी आधार जागचा हलत नाही. बेस गिटारचा आधार मात्र चल असतो. चित्रगीतात स्वरसमूह, म्हणजेच कॉर्ड, दर काही मात्रांनी बदलतात आणि त्या बदलाची जमीन बेसवादक तयार करतो.

की-बोर्डवर एकाच वेळी सा, ग, प हे तीन स्वर दाबून धरले आहेत अशी कल्पना करावी. बेसवर सा वाजला तर कानाला स्थैर्य वाटते, गाणे घरी आल्यासारखे वाटते. की-बोर्डवाल्याने बोटही न हलवता बेसवर ग वाजला तर तेच तीन स्वर अधांतरी वाटू लागतात आणि पुढे कोठेतरी जायचे आहे अशी ओढ निर्माण होते. बेस खालच्या ध वर गेला तर त्याच स्वरांवर उदासीची छटा येते. वर काहीच बदललेले नसते. खालचा एक स्वर बदललेला असतो. श्रोत्याला गाणे हळवे झाल्याचे जाणवते आणि त्याचे श्रेय तो गायकाला देतो.

दुसरे काम लयीचे. ड्रमवादक पायाने वाजवतो तो मोठा ढोल, म्हणजे किक, आणि बेसची तार यांचा आघात एकाच क्षणी झाला तर दोन वाद्ये मिळून एकच भरीव नाद ऐकू येतो. त्यांत किंचितही फट पडली तर ठेका सैल वाटतो, नाचणाऱ्याचे पाय अडखळतात. म्हणूनच अनुभवी बेसवादकाचे लक्ष गायकापेक्षा ड्रमवादकाच्या पायाकडे अधिक असते. आणखी एक गोष्ट उशिरा शिकली जाते, ती म्हणजे स्वर किती वेळ धरायचा आणि कोठे तोडायचा. तार वाजवण्याइतकेच ती वेळेवर दाबून गप्प करणेही महत्त्वाचे असते.

गाणे दुसऱ्याचे, पट्टी गायकाची

ऑर्केस्ट्रात गाणे मुळात दुसऱ्याचे असते आणि श्रोत्यांनी ते शेकडो वेळा ऐकलेले असते. त्यामुळे येथे स्वातंत्र्य कमी, असा समज आहे. प्रत्यक्षात मूळ चाल जशीच्या तशी वाजवणे क्वचितच शक्य होते.

पहिली अडचण ती ऐकण्याचीच. जुन्या ध्वनिमुद्रणांत बेस इतर वाद्यांखाली दबलेला असतो. मोबाइलचा छोटा स्पीकर तर एवढा खर्ज देऊच शकत नाही. मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालच्या स्वराचा अंदाज बांधतो आणि आपण तो ऐकला असे वाटते. अशा अंदाजावर उचललेली बेसची ओळ सप्तकाने वा स्वराने चुकण्याचा संभव असतो. म्हणून चांगल्या हेडफोनवर, तुकड्यातुकड्याने ऐकून गाणे बसवणे हा या कामातील पहिला नियम.

दुसरी अडचण पट्टीची. समजा मूळ गाणे पांढरी तीनमध्ये आहे. त्याचा खर्जातला षड्ज बेसच्या सर्वांत जाड, मोकळ्या तारेवर मिळतो आणि त्या मोकळ्या तारेचा घुमारा हाच त्या गाण्याचा प्राण असतो. मंचावरच्या गायकाने पांढरी दोन मागितली तर बेसवादकापुढे पेच उभा राहतो, कारण त्याखालचा स्वर वाद्यावर अस्तित्वातच नाही. मग तीन मार्ग उरतात. स्वर एक सप्तक वर नेणे, पण त्यात गाण्याचे वजन जाते. तार उतरवून घेणे, पण पुढच्या गाण्यापूर्वी ती पुन्हा चढवावी लागते. अथवा सुमारे ३१ कंपनांपर्यंत उतरणारी पाचवी तार असलेला बेस बाळगणे, पण त्याची मान रुंद असते आणि हाताला नवी सवय लावावी लागते. एका संध्याकाळी पंचवीस-तीस गाणी आणि पाच-सहा गायक असले की हा निर्णय पुन्हा पुन्हा, दोन गाण्यांमधील निवेदनाच्या अवधीत घ्यावा लागतो.

तिसरी अडचण माणसांची. हौशी गायक अंतऱ्यात दोन मात्रा आधी शिरतो, एखादी ओळ गाळतो वा भावनेच्या भरात ती दोनदा म्हणतो. अशा वेळी ड्रम आणि बेस यांनी एकमेकांकडे पाहून क्षणात नवी जागा पकडली तर श्रोत्याला काहीच कळत नाही. कळले नाही हेच यश होय.

सभागृह आणि दहाचा ठोका

सर्वांत खालच्या तारेच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. एवढी लांब लहर सभागृहाच्या भिंतींवर आपटून परतते तेव्हा काही ठिकाणी नाद दुप्पट होतो, तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे एकाच कार्यक्रमात कोपऱ्यातील श्रोता बेस घुमतो म्हणून तक्रार करतो आणि मधल्या रांगेतल्याला तो ऐकूच येत नाही. मंचावर वादकाला जे ऐकू येते त्यावर विसंबता येत नाही. साउंड चेकच्या वेळी कोणीतरी सभागृहभर फिरून ऐकणे हाच त्यावरचा उपाय.

खर्ज भिंती भेदून बाहेरही जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सणासुदीला वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी आहे. हे मोजमाप मात्र मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार केले जाते आणि त्यात खालच्या स्वरांना फार कमी वजन मिळते. ५० कंपनांच्या नादातून तर सुमारे ३० डेसिबल वजाच होतात. परिणामी यंत्रावरचा आकडा मर्यादेत असतो, पण शेजारच्या घरातील खिडकीची तावदाने थरथरत असतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असतात. गोव्यासारख्या, घरे आणि समारंभस्थळे एकमेकांना खेटून असलेल्या राज्यात हा वाद वरचेवर उद्भवतो. बेसची पातळी आपणहून उतरवणारा वादक अशा वेळी कार्यक्रमच वाचवतो.

कात्री कोठे लागते

एवढे असूनही वाद्यवृंदातून कमी होणारे पहिले वाद्य बहुधा हेच. त्यामागील हिशेब समजण्याजोगा आहे. गायकाविना गाणे नाही, ड्रमविना ठेका नाही, की-बोर्ड तर दहा वाद्यांचे आवाज काढतो. मग बेसचा आवाज की-बोर्डवाल्याने डाव्या हाताने काढावा, असे ठरते. त्यापुढची पायरी म्हणजे बाजारात मिळणारे गायकाविना तयार केलेले ट्रॅक. त्यात बेसही आयता असतो, आणि पुष्कळदा मंचावरच्या वादकापेक्षा स्वच्छ वाजवलेला असतो. गोव्यातील लग्नांत आणि किनाऱ्यावरील उपाहारगृहांत एकच कलाकार की-बोर्ड, ट्रॅक आणि माइक घेऊन संपूर्ण संध्याकाळ रंगवतो. त्या कलाकारालाही पोट आहे आणि त्याचे कसबही कमी नाही. यजमानाचे अंदाजपत्रक चार-पाच वादकांना पुरत नसेल तर त्याला दोष देता येत नाही.

परंतु ट्रॅक थांबत नाही. गायकाने ओळ गाळली तरी तो आपल्या गतीने पुढे जातो. नाचणाऱ्यांना रंग चढला म्हणून एक आवर्तन जास्त घेत नाही. वृद्ध गायकाचा श्वास पुरत नाही हे पाहून लय किंचित उतरवत नाही. गायकाला त्याच्यामागे धावावे लागते. वादक असले की ते गायकामागे धावतात. यात सर्वांत मोठा भार बेस आणि ड्रम यांच्यावर असतो, कारण लय आणि स्वर या दोहोंची जमीन त्यांच्या पायाखाली असते. डाव्या हाताच्या बेसने स्वर मिळतो, पण दोन्ही हात आणि दोन्ही कान केवळ त्याच कामाला वाहिलेला माणूस मिळत नाही.

बेसवादक नव्याने घडण्याची वाटही यामुळे अरुंद होते. हे वाद्य एकट्याने घरात वाजवून पूर्णपणे शिकता येत नाही. ड्रमच्या शेजारी उभे राहून, चुकून, सावरूनच ते अंगी येते. उत्सवांचे आणि लग्नांचे मंच हीच त्याची शाळा आहे. त्या मंचावरची जागा गेली की गिटार शिकणारा मुलगा चार तारांकडे वळण्याचे कारणच उरत नाही.

खर्च वाढवता येत नसेल तरी काही गोष्टी आयोजकांच्या हाती आहेत. तीस गाण्यांऐवजी वीस गाणी आणि पूर्ण वाद्यवृंद हा पर्याय अनेकदा त्याच पैशांत बसतो. गायकांच्या पट्ट्या आठवडाभर आधी कळवल्या तर तार चढवण्या-उतरवण्याचा खटाटोप वाचतो. साउंड चेकला अर्धा तास मिळाला तर तक्रारी निम्म्याने घटतात. आणि निवेदकाने सर्व वादकांची नावे पहिल्या गाण्यापूर्वीच घेतली तर त्याला एक पैसाही लागत नाही.

श्रोत्यांसाठीही एक सोपा प्रयोग आहे. पुढच्या कार्यक्रमात एखाद्या ओळखीच्या गाण्याचा एक अंतरा गायकाकडे न पाहता, केवळ खालच्या नादाकडे कान देऊन ऐकावा. आरंभी काही हाती लागत नाही. मग चालीखाली चालणारी दुसरी एक चाल हळूहळू ऐकू येऊ लागते. ती एकदा सापडली की पाठ असलेले गाणेही नव्याने कळते, आणि मागच्या रांगेत उभा असलेला तो माणसूही दिसू लागतो.