वापरकर्त्यांचे अभिप्राय आणि मराठी क्रियारूपे

मुक्तस्रोत आज्ञावलींच्या कर्त्यांपाशी विक्रीची नोंदवही नसते. आपली कृती कोण वापरतो व कोठे अडखळतो, हे त्यांना मुख्यतः वापरकर्त्यांच्या लेखी अभिप्रायांवरूनच कळते. म्हणून अशा अभिप्रायांच्या संकलनास महत्त्व आहे. तथापि हे संकलन भाषेच्या अभ्यासकाच्या साह्यावाचून झाल्यास काय हातचे निसटते, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही.

ग्नोम व केडीई या दोन्ही परिवारांतील आज्ञावली-भांडारे २०१६ साली सुरू झालेल्या एका सामाईक अभिप्राय-सेवेचा उपयोग करतात. तीत मजकुराबरोबर शंभरांपैकी गुण, आज्ञावलीची आवृत्ती, वापरकर्त्याचे नाव व त्याचे यंत्र यांवरून काढलेली एक सांकेतिक खूण आणि यंत्रावर निवडलेली भाषा नोंदली जाते. यांतील शेवटची नोंद फसवी आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती (पालघर जिल्हा त्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला). ठाणे-कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील पुष्कळ मराठी माणसे यंत्रावर इंग्रजी ठेवतात आणि लिहितात मात्र मराठीत. त्यांचा अभिप्राय इंग्रजीच्या खात्यावर जमा होतो. त्यातही लिपी रोमन असेल, तर ‘नाही’ आणि हिंदीतील ‘नहीं’ एकाच वर्णांनी लिहिले जातात. शेजारी हिंदी बोलणारी वस्ती असलेल्या या भागात चार शब्दांचा अभिप्राय कोणत्या भाषेचा, हे त्या शब्दांवरून ठरवणे कित्येकदा अशक्य होते. सांकेतिक खुणेचीही हीच गत आहे. घरातील चौघे एकाच नावाने यंत्र वापरत असतील, तर चौघांची खूण एक. एकाच माणसाची दोन यंत्रे असतील, तर खुणा दोन.

देवनागरीतही सर्व सुरळीत नाही. ‘ॲप’ या शब्दाचे आद्य अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्रपणे उपलब्ध आहे; तेच ‘अ’ला ॲकाराचे चिन्ह जोडूनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला भिन्न. ज्या शब्दाविषयीच्या तक्रारी शोधायच्या, तोच शब्द मोजणीत दुभंगतो.

परंतु हे दोष प्रयत्नाने दूर होण्याजोगे आहेत. खरा प्रश्न क्रियारूपांचा आहे. पुढील वाक्ये पाहावीत: ‘फाइल उघडत नाही’, ‘मला फाइल उघडता येत नाही’, ‘मला हे जमले नाही’. इंग्रजी सारांशात या तिन्हींची बोळवण बहुधा एकाच वाक्यात होते. पहिल्यात दोष फाइलीकडे वा आज्ञावलीकडे आहे. वापरकर्ता वाक्यात उपस्थितच नाही. तिसऱ्यात त्याने उणीव स्वतःकडे घेतली आहे. दुसरे मधले आहे: ‘येत नाही’ने कौशल्याचा अभाव सूचित होतो, तसाच बाह्य अडथळाही. तेथे निर्णय संदर्भावर सोडावा लागतो.

याहून बोलके उदाहरण ‘माझ्याकडून फाइल पुसली गेली’ हे होय. ‘मी फाइल पुसली’ यात हेतू संभवतो. ‘फाइल पुसली गेली’ यात कर्ता अज्ञात राहतो. ‘माझ्याकडून’ या रूपाने मात्र कृती आपली, पण इच्छा नव्हती, अशी कबुली मिळते. आज्ञावलीच्या कर्त्याला यातून नेमकी सूचना मिळते: पुसण्यापूर्वी विचारले जात नाही, किंवा विचारले जाते ते लक्षात येत नाही. ही सूचना तक्रारीच्या स्वरात नसल्यामुळे गुण मात्र चांगले पडलेले असू शकतात.

पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा संग्रह अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशा तीन वर्गांत विभागून प्रसिद्ध केला. मराठीसाठी हे काम मोलाचे आहे. परंतु आज्ञावलींच्या अभिप्रायांना तेच तीन वर्ग लावले, तर ‘उघडत नाही’ आणि ‘जमले नाही’ एकाच राशीत पडतील. पहिल्यास दुरुस्ती हवी असते, दुसऱ्यास मराठी मार्गदर्शिका. संकलकाने म्हणून मूळ वाक्य जसेच्या तसे राखावे, यंत्राने दिलेल्या भाषानामाशेजारी वाचून ठरवलेले भाषानाम वेगळे लिहावे, आणि दोष कोणाकडे दिला आहे यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. ‘येत नाही’ची वाक्ये त्या रकान्यात काही काळ अनिर्णीतच राहतील.