छायाचित्रसंग्रहातील प्रवासवर्णन

प्रवासवर्णन म्हटले की लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची निरीक्षणशक्ती आणि निवेदनाची शैली यांचा विचार प्रथम मनात येतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एक निराळेच प्रवासवर्णन आकाराला येत होते. त्यात शब्द फारसे नव्हते आणि त्यातील चित्रेही बहुधा प्रवाशाने स्वतः काढलेली नसत. रेल्वेने पश्चिमेकडे जाऊन आलेल्या प्रवाशांनी जमविलेले छायाचित्रांचे आल्बम हेच ते प्रवासवर्णन होय. त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही.

१० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे लोहमार्ग जोडले गेले. ज्या प्रवासाला पूर्वी कित्येक महिने लागत, तो सुमारे आठवड्याभरात होऊ लागला. पुढे बोस्टनच्या रेमंड आणि व्हिटकॉमसारख्या कंपन्या सुखवस्तू मंडळींसाठी सहली काढू लागल्या. छायाचित्रण मात्र प्रवाशाच्या आवाक्यात नव्हते. काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा आणि तो ओला असतानाच चित्र घेऊन पक्के करावयाचे, हे काम अवजड सामग्री आणि काळोखी तंबू बाळगणाऱ्या व्यावसायिकाचे होते. साहजिकच प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरातील चित्रशाळांतून तयार चित्रे विकत घेत.

त्यामुळे एकच चित्र अनेक आल्बमांत आढळते. सिएरा नेवाडातील केप हॉर्नचे वळण, सॉल्ट लेक सिटी, योसेमिटीचे कडे ही स्थळे जणू ठरूनच गेलेली. १८८१ मध्ये कॅलिफोर्नियातील वावोना वृक्षाचा बुंधा कोरून त्यातून वाट काढण्यात आली आणि त्या वाटेने जाणाऱ्या घोडागाडीच्या चित्राची या यादीत भर पडली. तरीही हे आल्बम एकमेकांच्या नकला ठरत नाहीत. कोणते चित्र घ्यावयाचे, कशाशेजारी लावावयाचे, खाली काय लिहावयाचे, हे प्रवासी स्वतः ठरवी. सामग्री सार्वजनिक आणि रचना खाजगी, असा हा प्रकार आहे. जुनी सुभाषिते निवडून संग्रह करणाऱ्याचे कर्तृत्व ज्या जातीचे, त्याच जातीचे हेही कर्तृत्व मानावे लागेल.

परंतु चित्रकर्त्याचे काय? कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये १८ बाय २२ इंचांच्या प्रचंड काचा वाहून नेऊन योसेमिटीची चित्रे घेतली. १८६४ मध्ये त्या खोऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यास ही चित्रे साहाय्यभूत झाली असे मानले जाते. पुढे आर्थिक आपत्तीत त्याची चित्रशाळा आणि निगेटिव्ह गेली. ती आयझाया टेबर याच्या हाती आली आणि वॉटकिन्सची चित्रे टेबरच्या नावाने विकली जाऊ लागली. वॉटकिन्सला तीच स्थळे पुन्हा चित्रित करून ‘नवी मालिका’ काढावी लागली. प्रवाशांना या घडामोडींचे सोयरसुतक नव्हते. त्यांच्या आल्बमांत टेबरचे नाव मिरविणारी वॉटकिन्सची दृष्टी निमूटपणे नांदत राहिली.

१८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला. २५ डॉलरच्या या पेटीत शंभर चित्रांची फीत भरलेली असे. ती संपली की पेटी रॉचेस्टरला पाठवावयाची आणि १० डॉलर देऊन छापील चित्रांसह नव्याने भरून घ्यावयाची. अडीच इंच व्यासाच्या त्या गोल चित्रांत भव्य कडे ठेंगणे झाले. परंतु प्रवासी स्वतः, त्याचे सोबती, फलाटावरचे सामान यांना प्रथमच स्थान मिळाले. वर्णनाचा विषय स्थळाकडून प्रवाशाकडे सरकला.

या दोन्ही काळांतील आल्बमांत एक उणीव मात्र समान आहे. ज्या हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचा खडक फोडून मार्ग घातला, ते त्यांत क्वचितच दिसतात. मूळ रहिवासी दिसतात ते बहुधा प्रेक्षणीय वस्तू म्हणून. याच दशकात, १८८६ ते १८८८ या काळात, अमेरिकेत हिंडलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये आपले मराठी प्रवासवृत्त प्रसिद्ध केले. त्यात तेथील लोकस्थितीची कौतुकाने मांडणी आहे, तशी मूळ रहिवाशांवरील अन्यायाची नोंदही आहे. विकत घेतलेल्या चित्रांतून असा नैतिक निवाडा उमटणे कठीण होते. बाजारात जे चित्र मिळत नव्हते, त्याच्यासाठी आल्बममध्ये पानच नव्हते.

तथापि या संग्रहांचे ऋण मान्य करणे भाग आहे. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झाले. वॉटकिन्स आणि टेबर या दोघांच्याही चित्रशाळा त्यात भस्मसात झाल्या. जवळजवळ अंध झालेला वॉटकिन्स १९१६ मध्ये मनोरुग्णालयात निवर्तला. त्याची जी चित्रे आज पाहावयास मिळतात, त्यांपैकी कित्येक ज्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते अशा प्रवाशांच्या आल्बमांनी जपली आहेत.