परदेशच्या शाळेत मराठी पंडिता

घरदार सोडून दूरदेशी जावयाचे, तेथल्या शाळेत शिकवावयाचे आणि हे सारे ख्रिस्ताच्या नावाने करावयाचे, असा आयुष्यक्रम पत्करलेली बाई म्हटली की आपल्यापुढे गोरी मिशनरीणच उभी राहते. या चित्राला आधारही आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर प्रांताची सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ साली मुंबईस येण्यास निघाली. पुढे नगरास मुलींच्या शाळा चालवीत १८६२ साली ती तेथेच वारली. तिची शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार दृढ झाला, हे वाचकांस ठाऊक असेलच.

परंतु या चित्राची दुसरी बाजू क्वचितच पाहिली जाते. आपली एक मराठी बाई इंग्लंडात गेली, तेथे ख्रिस्ती झाली आणि इंग्रजांच्याच शाळेत शिक्षिका म्हणून उभी राहिली. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. तिकडच्या लोकांच्या दृष्टीने परक्या मुलखातून आलेली ख्रिस्ती शिक्षिका तीच होती. आमच्या भालकीकडच्या माणसास या कथेत विशेष गोडी वाटण्याचे कारण असे की, तिचा शेवटचा धागा आमच्याच भागात, गुलबर्ग्यास येऊन पोचतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्यांना संस्कृत शिकविले. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून १८८३ साली विलायतेचे तिकीट काढले. वैद्यकी शिकावी हा हेतू. कोणापुढे हात पसरून त्या गेल्या नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडात वाँटेज येथे सेंट मेरी संघाच्या भगिनींचा मठ होता. याच संघाच्या भगिनी पुण्यासही काम करीत. तेथे ठरलेला व्यवहार मोठा नामी होता. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावयाचे आणि त्या बदल्यात त्यांना राहणे, जेवण व इंग्रजीचे शिक्षण मिळावयाचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या मठात आश्रित नव्हत्या, गुरू होत्या. आपली मराठी बाराखडी त्या मठातल्या मेजावर मांडली गेली, तीही एका ब्राह्मण विधवेच्या हाताने!

पण परदेशातले दिवस गोड गेले असे कोणी समजू नये. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी वाँटेजला आत्महत्या केली. परकी हवा, परकी भाषा, भोवती परका धर्म, आणि त्यात सोबतीण अशी गेलेली! या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. येथे पुण्यात त्यावर काहूर माजले. बाईंनी विद्येसाठी धर्म विकला, असे कित्येकांनी म्हटले. तसे असते तर धर्म घेतल्यावर त्या मुकाट्याने राहिल्या असत्या. पुढची हकीगत नेमकी याच्या उलट आहे.

कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. डोरोथिया बील या नामांकित विदुषी तेथे मुख्याध्यापिका होत्या. गणित, सृष्टिशास्त्र, इंग्रजी हे विषय शिकत असतानाच रमाबाई तेथे संस्कृत शिकवीत. एका वर्गात विद्यार्थिनी आणि दुसऱ्या वर्गात अध्यापिका, असा हा दुहेरी दिनक्रम होता. ज्या देवभाषेचा अधिकार आपल्याकडे बायकांना नाही असे शास्त्री सांगत, ती भाषा एक मराठी विधवा इंग्लंडात शिकवीत होती!

हळूहळू खटके उडू लागले. रमाबाई शाकाहारी. अंडी घातलेले पक्वान्न त्यांनी नाकारले, तेव्हा हा जातीचा जुना अभिमान आहे असे भगिनींस वाटले. गळ्यात घालावयाच्या क्रुसावरील अक्षरे लॅटिन होती. मला वा माझ्या देशबांधवांना न समजणारी लॅटिन का? संस्कृत का नको? असा बाईंचा सवाल. वरवर पाहता गोष्टी किरकोळ. पण त्यांच्या मुळाशी मोठा प्रश्न होता. नवा धर्म घेतला म्हणजे धर्म देणाऱ्याची भाषा, त्याचे ताट आणि त्याचे वर्चस्वही घ्यावयाचे काय? रमाबाईंचे उत्तर ठाम नकाराचे होते. आपण ख्रिस्ती झालो ते आपल्या सदसद्विवेकबुद्धीने; ती बुद्धी आता दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

याहून कठीण प्रसंग शिकविण्यावरूनच उद्भवला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांस शिकविले तर मायदेशी तिची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे नवल वाटले. पुण्या-कलकत्त्याच्या भरसभांतून पुरुषांपुढे बोललेल्या बाईला हिंदुस्थानची रीत इंग्रज धर्माधिकाऱ्यांनी समजावून द्यावी, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे. त्यांनी पत्रांतून आपली बाजू निर्भीडपणे मांडली. ही पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवली आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती प्रसिद्ध केली. ज्या जेराल्डिनशी इतका कडाक्याचा वाद, तिलाच त्या पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. मतभेद आणि माया एकाच लिफाफ्यातून जात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

वादाचा सर्वांत हळवा विषय होता मनोरमा. आई चेल्टनहॅमला असता मुलगी वाँटेजला भगिनींपाशी राही. तिला धर्माचे काय व कसे शिकवावे, हे ठरविण्याचा हक्क कोणाचा? संघाचा की आईचा? रमाबाईंनी तो हक्क सोडला नाही. दुसऱ्याच्या दारी राहणाऱ्या, एकट्या, परक्या देशातील विधवेने हे धैर्य दाखवावे, याची थोरवी आज आपणांस सहज कळणार नाही.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातील पदवीदान समारंभ हे निमित्त. तेथे त्यांनी बालोद्यान-पद्धती अभ्यासली, गावोगाव व्याख्याने दिली, आणि बॉस्टनच्या मंडळींनी हिंदुस्थानातील शाळेस दहा वर्षे साह्य देण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. सदनात धर्माची सक्ती नाही असा करार होता. परंतु सदन पुण्यास आल्यावर, मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ साली वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

येथे निवाडा करताना दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत. माझे दार उघडे आहे, येणारीला मी कशी अडवू, असे बाई म्हणत. त्यात खोटे काही नव्हते. तरी अन्न, वस्त्र व आसरा देणारी व्यक्ती ज्या देवापुढे हात जोडते, त्या देवाकडे आश्रितेचे मन झुकणारच, ही पालकांची भीतीही अनाठायी नव्हती. वाँटेजला आश्रयदात्याचा दाब कसा असतो हे रमाबाईंनी स्वतः अनुभवले होते. मात्र तो झिडकारण्यास त्यांच्यापाशी पांडित्य होते; कोवळ्या बालविधवेपाशी काय होते? परोपकारी शाळेपुढचा हा प्रश्न जगात कोठेही सुटलेला नाही, आणि तो केवळ ख्रिस्ती शाळेपुरता आहे असेही नाही.

आता गुलबर्ग्याची गोष्ट. केडगावच्या मुक्तिसदनाचा पसारा वाढल्यावर, १९१२ साली, बाईंच्या संस्थेने गुलबर्ग्यास शाळा काढली आणि तिची मुख्याध्यापिका झाली मनोरमा. मुंबई-मद्रास लोहमार्गावर केडगाव आणि गुलबर्गे ही एकाच वाटेवरची ठाणी. पण राज्य निराळे. केडगाव इंग्रजांच्या मुलखात, तर गुलबर्गे निजामाच्या मोगलाईत. दरबारची भाषा उर्दू, लोकांच्या तोंडी कानडी, मराठी, तेलुगू. जिच्या शिक्षणावरून वाँटेजला भांडण झाले, तीच मुलगी आता परमुलखात इतरांच्या मुलांची शिक्षिका झाली होती. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी देह ठेवला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले मराठी बायबल तेवढे पुरे झाले होते.

संस्थानी राजवटीच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या शहरातील वाचकांस हे सांगावयास नकोच की, तेव्हा शाळा कोणत्या भाषेत चालावी हे दरबार ठरवी. आमच्या भालकीत हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कानडी शिकविली, ही कथा आजही घरोघर सांगतात. १९५६ साली प्रांतरचना झाली. उदगीर, निलंगे मराठी मुलखाकडे गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात राहिली. तेव्हापासून येथील मराठी घरांतही शाळेची भाषा हा जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणूनच लॅटिनच्या जागी संस्कृत मागणाऱ्या बाईचे मन आम्हांस लवकर उमगते.

लिंगायत मठाचे स्वामी आणि ख्रिस्ती पंडिता यांचे पंथ वेगळे. दोघांनीही धर्मश्रद्धेच्या बळावर शाळा चालविल्या, आणि शिकणाऱ्याची भाषा ही त्याची स्वतःची ठेव आहे, हे दोघांनीही ओळखले. परमुलखात शिकवावयास जाणाऱ्या तरुण-तरुणींनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, रमाबाईंची ती पत्रे एकदा तरी वाचावीत. देणाऱ्याच्या मनात काय असते हे पुष्कळ पुस्तकांत सापडेल. घेणाऱ्याचा मान कोठे दुखावतो, हे सांगणारी अशी पत्रे मात्र फार थोडी.