कॅनडा पीआर: रायटिंगमधल्या अर्ध्या बँडने ४५ पॉइंट्स कसे वाढतात?

लिसनिंग ८, रीडिंग ७, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५.

आयईएलटीएसचा असा रिझल्ट आला की घरी पेढे वाटले जातात. इंग्रजी उत्तम आहे, यात शंकाच नाही. पण कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, तुम्ही हाच रिझल्ट भरलात तर रायटिंगमधला तो राहिलेला अर्धा बँड तुम्हाला तब्बल ४५ पॉइंट्सना पडू शकतो.

अर्ध्या बँडला ४५ पॉइंट्स? हो. आणि हे गणित कळलं की 'स्कोअर वाढवून देतो' म्हणत लाखभर रुपये मागणाऱ्या एजंटचं गणितही कळतं. म्हणून ही सिस्टीम नीट समजून घेऊ.

आधी बेसिक: हा स्कोअर नेमका कसला?

कॅनडाने जानेवारी २०१५ मध्ये 'एक्स्प्रेस एंट्री' सुरू केली. परदेशातले कुशल कर्मचारी ऑनलाइन प्रोफाइल बनवतात, ती सगळी प्रोफाइल्स एका 'पूल'मध्ये जमा होतात आणि प्रत्येकाला १२०० पैकी स्कोअर मिळतो. या स्कोअरला सीआरएस म्हणतात. सरकार ठरावीक दिवसांनी 'ड्रॉ' काढतं आणि वरच्या लोकांना अर्ज करायचं निमंत्रण देतं. नाव ड्रॉ असलं तरी ही लॉटरी नाही, मेरिट लिस्ट आहे.

इथे एक गल्लत हमखास होते. भारतातून जाणारे बहुतेक जण 'फेडरल स्किल्ड वर्कर' या प्रकारात बसतात. त्यात पात्र ठरण्यासाठी १०० पैकी ६७ पॉइंट्स लागतात. हे ६७ वेगळे आणि सीआरएस वेगळा. ६७ म्हणजे फक्त परीक्षेला बसायची परवानगी. 'तुमचे ६७ झाले, आता पीआर पक्का' असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा.

पॉइंट्स कशाचे मिळतात?

अविवाहित व्यक्तीसाठी ढोबळ हिशोब असा: वयाचे जास्तीत जास्त ११०, शिक्षणाचे १५०, पहिल्या भाषेचे १३६, दुसऱ्या भाषेचे २४ आणि कॅनडातल्या कामाच्या अनुभवाचे ८०. झाले ५००.

त्यानंतर १०० पॉइंट्स 'कॉम्बिनेशन'चे. चांगलं शिक्षण आणि चांगली भाषा एकत्र असेल, किंवा अनुभव आणि भाषा एकत्र असेल, तर त्याचा बोनस. उरलेले ६०० अतिरिक्त पॉइंट्स. त्यात प्रांताचं नामांकन, फ्रेंच, कॅनडात राहणारं सख्खं भावंड अशा गोष्टी येतात.

खरी गंमत त्या कॉम्बिनेशनच्या १०० मध्ये आहे.

अर्धा बँड, ४५ पॉइंट्स

समजा, पुण्यात काम करणारी एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे. वय २९, लग्न झालेलं नाही, चार वर्षांची बी. ई. आणि तीन वर्षांहून जास्त अनुभव. आयईएलटीएसचा रिझल्ट वर दिला तोच.

कॅनडा हे बँड आपल्या 'सीएलबी' या पातळ्यांमध्ये बदलून घेतं. सीएलबी ९ साठी लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. आपल्या टेस्टरला तीन विषयांत सीएलबी ९ आहे, रायटिंगमध्ये मात्र ८.

तिचा स्कोअर असा: वयाचे ११०, शिक्षणाचे १२०, भाषेचे ११६. शिक्षण आणि भाषेच्या कॉम्बिनेशनचे १३, अनुभव आणि भाषेच्या कॉम्बिनेशनचे २५. एकूण ३८४.

आता रायटिंग ६.५ चं ७ झालं असं धरा. भाषेचे ११६ वरून १२४ होतात, म्हणजे फक्त ८ वाढले. पण चारही विषयांत सीएलबी ९ झाल्यामुळे कॉम्बिनेशनचे दोन्ही आकडे जवळपास दुप्पट होतात. १३ चे २५ आणि २५ चे ५०. एकूण ४२९.

८ अधिक १२ अधिक २५, बरोबर ४५.

सीआरएसमध्ये पॉइंट्स पायऱ्यांनी वाढतात. तुम्ही एका पायरीच्या अगदी खाली उभे असाल, तर थोड्या मेहनतीत मोठी उडी मिळते. पायऱ्यांच्या मध्ये असाल, तर वर्षभर राबूनही आकडा फारसा हलत नाही. त्यामुळे 'स्कोअर कसा वाढवू?' याच्या आधी 'मी कोणत्या पायरीच्या जवळ आहे?' हा प्रश्न विचारायला हवा.

लक्षात ठेवा, चारही विषयांचे बँड एकाच परीक्षेतले लागतात. मागच्या वेळचं लिसनिंग आणि या वेळचं रायटिंग अशी जोडाजोड चालत नाही. रिझल्ट दोन वर्षं वैध असतो. आयईएलटीएस जनरल जमत नसेल तर सेल्पिप आणि पीटीई कोअर या परीक्षाही चालतात.

बाकीच्या पायऱ्या कोणत्या?

अनुभव: परदेशातल्या, म्हणजे आपल्यासाठी भारतातल्या, कामाच्या अनुभवाला दोनच पायऱ्या आहेत. एक ते दोन वर्षं आणि तीन किंवा जास्त. सीएलबी ९ असेल तर पहिलीला २५ आणि दुसरीला ५० पॉइंट्स. तुमची दोन वर्षं दहा महिने झाली असतील तर दोन महिने थांबल्यावर आपोआप २५ पॉइंट्स वाढतात. उलट आठ वर्षांचा अनुभव असला तरी तीनपेक्षा एक पॉइंटही जास्त मिळत नाही.

शिक्षण: पदवीला १२०, मास्टर्सला १३५. वर सीएलबी ९ असेल तर कॉम्बिनेशनमध्ये आणखी २५. म्हणजे मास्टर्समुळे ४० वाढतात. पण आपल्या २९ वर्षांच्या टेस्टरने आता दोन वर्षं मास्टर्स केलं तर ती ३१ ची होईल आणि वयाचे ११ पॉइंट्स जातील. हातात उरतील २९. फक्त पॉइंट्ससाठी दोन वर्षं आणि फी घालवण्याआधी हा हिशोब करा.

तीन किंवा जास्त वर्षांच्या पदवीसोबत आणखी एखादा डिप्लोमा असेल तर पदवीच्या १२० ऐवजी १२८ मिळतात आणि कॉम्बिनेशनचा फायदा मास्टर्सइतकाच होतो. आधीच केलेला डिप्लोमा कपाटात पडून असेल तर तोही मूल्यांकनाला पाठवा. अट एकच, 'ईसीए' या मूल्यांकन रिपोर्टमध्ये तो कॅनडातल्या बारावीनंतरच्या किमान एक वर्षाच्या कोर्सच्या तोडीचा ठरला पाहिजे. दोन महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट त्यात बसत नाही.

वय: इथे पायरी उतरतीच आहे. २० ते २९ या वयात पूर्ण ११०. तिसाव्या वाढदिवसाला ५ जातात, पुढे चाळिशीपर्यंत दर वर्षी ५ किंवा ६. चाळीस ओलांडल्यावर दर वाढदिवसाला ११. पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. त्यामुळे 'पुढच्या वर्षी निवांत बघू' हा निर्णय फुकट नसतो.

जोडीदार: नवरा-बायको दोघंही जाणार असतील तर मुख्य अर्जदाराचे पॉइंट्स थोडे कमी होतात आणि जोडीदाराच्या शिक्षण, भाषा, अनुभवाचे मिळून जास्तीत जास्त ४० धरले जातात. बऱ्याच घरांत काहीही न मोजता नवऱ्याच्या नावाने प्रोफाइल बनतं. दोघांच्या नावाने हिशोब करून बघा. नवरा ३४ आणि बायको २९ ची असेल तर फक्त वयाच्या रकान्यात बायकोच्या बाजूने २५ पॉइंट्सचा फरक पडतो.

भावंड: सख्खा भाऊ किंवा बहीण कॅनडाचा नागरिक किंवा पीआर असेल आणि तिथेच राहत असेल तर १५ पॉइंट्स. जोडीदाराचं भावंडही चालतं. मावसभाऊ आणि चुलत बहीण चालत नाहीत, कितीही जवळची असली तरी.

अकरावीतलं फ्रेंच आठवतंय का?

आपल्याकडे अनेकांनी अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेलं असतं. कारण एकच, स्कोअरिंग विषय. तेच फ्रेंच इथे खरोखर स्कोअरिंग ठरू शकतं.

फ्रेंचच्या चारही विषयांत लेव्हल ७ आणि इंग्रजीत किमान सीएलबी ५ असेल तर ५० अतिरिक्त पॉइंट्स मिळतात. शिवाय दुसऱ्या भाषेचे १२. एकूण ६२. आपली टेस्टर ४२९ वरून ४९१ वर जाते.

त्याहून मोठा फायदा म्हणजे ती वेगळ्या रांगेत उभी राहते. २०२३ पासून कॅनडा ठरावीक गटांसाठी स्वतंत्र ड्रॉ काढतं. त्यात फ्रेंच येणाऱ्यांचा गट आहे, आरोग्य क्षेत्राचा आहे, सुतार-इलेक्ट्रिशियन यांसारख्या ट्रेड्सचाही आहे. २०२५ मध्ये कॅनडात काम केलेल्या लोकांसाठीच्या ड्रॉचा कटऑफ सतत ५०० च्या वर राहिला. त्याच वर्षी फ्रेंचच्या ड्रॉचा कटऑफ ३७९ ते ४८१ च्या दरम्यान होता. म्हणजे ४९१ घेऊन पहिल्या रांगेत तिला जागाच नव्हती, तिच्याकडे कॅनडातला अनुभवही नाही. फ्रेंचच्या रांगेत मात्र तो स्कोअर प्रत्येक वेळी पुरला असता.

पण हे बारावीच्या फ्रेंचवर भागणारं काम नाही. लेव्हल ७ म्हणजे साधारण बी२. फ्रेंचमध्ये मत मांडता आलं पाहिजे, पत्र लिहिता आलं पाहिजे, रेडिओवरची चर्चा समजली पाहिजे. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने वर्ष-दीड वर्षाच्या नियमित अभ्यासाची तयारी ठेवावी. मुंबई-पुण्यात अलिआन्स फ्राँसेझचे वर्ग आहेत. परीक्षा मात्र टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा यांपैकीच द्यावी लागते.

आणि ते ६०० पॉइंट्स?

कॅनडातल्या प्रांताने तुमचं नामांकन केलं तर एकदम ६०० मिळतात. त्यानंतर निमंत्रण जवळजवळ नक्की. पण प्रांत आपल्या गरजेनुसार माणसं निवडतात. कोणाला नर्स हव्या असतात, कोणाला वेल्डर, कोणी तिथे आधीच काम करणाऱ्यांना पसंती देतं. २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रांतांच्या जागाही मोठ्या प्रमाणात कमी केल्या. तुमचा व्यवसाय कोणत्या प्रांताला हवा आहे हे त्या प्रांताच्या सरकारी वेबसाइटवर बघा. 'नॉमिनेशन मिळवून देतो' असं कोणीही खात्रीने सांगू शकत नाही.

जॉब ऑफर विकत घ्यायची का?

नाही. एक तर ते बेकायदा आहे. दुसरं, त्याचे पॉइंट्सच आता उरलेले नाहीत. पूर्वी जॉब ऑफरचे ५० किंवा २०० पॉइंट्स मिळायचे आणि म्हणूनच खोट्या ऑफर्सचा बाजार तयार झाला होता. २५ मार्च २०२५ पासून कॅनडाने हे पॉइंट्स काढून टाकले. तरीही 'जॉब ऑफर घ्या, २०० पॉइंट्स वाढवा' अशी रील समोर आली तर समजून जा, माहिती जुनी आहे किंवा हेतू वाईट आहे.

खोटं अनुभवपत्र आणि फुगवलेलं पद यांचीही तीच गत. चुकीची माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार फक्त परवानाधारक सल्लागार आणि वकिलांना आहे. सल्लागाराचं नाव तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या ऑनलाइन यादीत मोफत तपासता येतं. आणि हो, एक्स्प्रेस एंट्रीचं प्रोफाइल बनवायला सरकार एक पैसाही घेत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

सरकारी वेबसाइटवरच्या सीआरएस कॅल्क्युलेटरमध्ये आजचा खरा स्कोअर काढा. मग एकेक रकाना बदलून बघा: रायटिंग अर्धा बँड वाढलं तर? अनुभव तीन वर्षं झाला तर? अर्ज जोडीदाराच्या नावाने केला तर? सगळ्यात कमी वेळात आणि कमी पैशात मोठी उडी कुठे आहे ते दिसेल. तिथूनच सुरुवात करा.

पात्र असाल तर प्रोफाइल लवकर बनवा. कटऑफवर अनेकांचा स्कोअर सारखा असेल तर ज्याचं प्रोफाइल आधी जमा झालं त्याला आधी संधी मिळते. निमंत्रण आलं की अर्जासाठी ६० दिवस असतात, म्हणून अनुभवपत्रं आणि बँकेची कागदपत्रं आधीच तयार ठेवा. एकट्या माणसाला साधारण १५ हजार कॅनेडियन डॉलर खात्यात दाखवावे लागतात आणि ते उसने घेतलेले चालत नाहीत.

शेवटचं, कटऑफ तुमच्या हातात नाही. कोविडच्या काळात, १३ फेब्रुवारी २०२१ ला, कॅनडात आधीच काम केलेल्यांसाठीच्या एका ड्रॉमध्ये कटऑफ चक्क ७५ वर आला आणि २७,३३२ जणांना निमंत्रण मिळालं. त्यानंतर चार वर्षांनी तशाच लोकांना ५०० ही पुरेनात. त्यामुळे नोकरी सोडून, कर्ज काढून त्या एका आकड्यावर आयुष्य पणाला लावू नका.

पण रायटिंगमध्ये ६.५ असेल, तर पुढच्या परीक्षेची तारीख मात्र आजच बघा.