माती कधी तापते?

ब्रिटनमध्ये भाजी पिकवण्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात. त्यांना ‘अलॉटमेंट’ म्हणतात. इंग्लंड व वेल्समध्ये स्थानिक संस्थांवर ही जबाबदारी टाकणारा कायदा १९०८ सालचा. तुकड्याचे जुने माप दहा रॉड, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे! नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी तेथे राबणाऱ्यांना दर वसंतात एकच प्रश्न पडतो : बी आता टाकावे की थांबावे?

२०२१ चा वसंत पाहा. ३० मार्चला लंडनमधील क्यू येथे तापमान २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. मार्चमधील असा उष्ण दिवस पन्नासहून अधिक वर्षांत आला नव्हता. फरसबी पेरायला हात शिवशिवावेत असेच हे हवामान. पण पाठोपाठच्या एप्रिलमध्ये देशात सरासरी १३ दिवस तापमान शून्याखाली गेले. १९६० पासूनच्या नोंदींत एप्रिलमध्ये इतके दिवस कधीच नव्हते.

तापमापी हवेचे तापमान सांगते, बी मात्र मातीत असते. हिवाळाभर पाऊस पडून तेथील माती पाण्याने भरलेली असते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते, कोरड्या मातीच्या कणांना जेमतेम ०.८. शिवाय पृष्ठभागावरील प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल खर्ची पडतात. त्यामुळे चार दिवसांच्या उन्हाने हवा तापली, तरी चिकणमाती गारच राहते. पाण्याचा लवकर निचरा होणारी रेताड जमीन तिच्या आधी तापते. म्हणून तेथील जाणकार बागाईतदार पेरणीपूर्वी काही आठवडे वाफ्यावर प्लास्टिक अंथरून ठेवतात.

गार मातीत बियांचे काय होते? वाटाणा ५ अंशांच्या आसपासही सावकाश रुजतो. फरसबीला मात्र निदान १० ते १२ अंश हवेत. त्याहून गार मातीत ती पाणी शोषते, पण तिची पेशीपटले नीट सावरत नाहीत. आतील शर्करा बाहेर झिरपते आणि त्यावर बुरशी पोसते. बी कुजते. (सॅलडच्या लेट्यूसची तऱ्हा उलटी. माती २५ अंशांच्या वर गेली की त्याचे बी रुजायला कुरकुर करते.)

बी उगवले तरी रात्रीची धास्ती असतेच. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे टाकत राहते. ढग असले तर त्यांतील बरीच परत मिळते. २०२१ च्या एप्रिलमध्ये आकाश बराच काळ निरभ्र होते. दिवसा ज्या स्वच्छ आकाशाने ऊन दिले, त्यानेच रात्री गारठा दिला. त्यातून जड, गार हवा सखल भागात साचते. त्यामुळे उताराच्या पायथ्याचा तुकडा वरच्या तुकड्याआधी गोठतो.

गोठण्याने कोणते रोप मरेल, याचे उत्तर मात्र पाठ्यपुस्तकातील अंकुरणाच्या आकृतीतच आहे. फरसबीची बीजपत्रे जमिनीबाहेर येतात, वाढीचा कोंब त्यांच्याबरोबर उघड्यावर पडतो. एका रात्रीत तो काळवंडला की रोप संपले. वाटाण्याची बीजपत्रे मातीतच राहतात. वरचा शेंडा गेला तरी खालच्या पेरातून नवा फुटवा येऊ शकतो. बटाट्याचेही तसेच, शेंडे जळाले तर कंद पुन्हा कोंब काढतो, पण साठवलेले अन्न दुसऱ्यांदा खर्च होते आणि पीक लांबते. म्हणून थंडीची चाहूल लागताच तेथील लोक बटाट्याच्या कोवळ्या कोंबांवर माती ओढतात. माझ्या मते बीजपत्रांचा पाठ शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आपल्या वर्गात गोठवणारी रात्र आणता येत नाही, पण माती तापवून पाहता येते. एकसारखे तीन डबे घेऊन त्यांत सारखीच कोरडी माती भरा. दोन डब्यांत सारखे पाणी घाला आणि त्यांतील एकाचे तोंड पारदर्शक प्लास्टिकने बांधा. तिन्ही डब्यांत पाच सेंटिमीटर खोलीवर तापमापी ठेवून डबे सकाळपासून उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने वाचन घ्या. दोन उघड्या डब्यांतील फरक मुले लगेच सांगतील. दोन ओल्या डब्यांत फरक का पडला, हे मात्र त्यांना आधी वहीत लिहू द्या.