बाटलीतलं शेवाळ, बोदातलं कंपोस्ट

अथणी तालुक्यात आमच्या मामांची दोन एकर द्राक्षबाग आहे. सुट्टीत जायचं, घड तोडून खायचे आणि बेळगावला परतायचं, एवढाच माझा तिच्याशी संबंध होता. मामेभावाने पुण्यातली नोकरी सोडून बाग हातात घेतली, तेव्हापासून मात्र त्याचा फोन आला की आधी खतांचाच विषय निघतो.

कारणही तसंच आहे. ठिबकच्या नळीखाली बोदावर पांढरा थर दिसू लागला होता. विहिरीचं पाणी खारट, जमीन चुनखडीची आणि वर्षानुवर्षं सोडलेली विद्राव्य खतं. त्याने ठरवलं, रासायनिक खत एकदम निम्मं करायचं आणि उरलेल्याची भरपाई कंपोस्ट व समुद्री शेवाळाच्या अर्काने करायची.

पहिल्याच वर्षी फसला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटी पिवळट, काड्या बारीक. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घडही कमीच निघाले. हिवाळ्यात दिसणारा घड उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात तयार झालेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यातली चूक कळते तेव्हा वर्ष हातातून गेलेलं असतं. मामा रागावले नाहीत. "बाटलीवर बाग जगत नसती रे," एवढंच म्हणाले.

एक तर कंपोस्ट कच्चं होतं. छाटलेल्या काड्यांत कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडा. अर्धवट कुजलेला माल टाकला की जिवाणू तो कुजवण्यासाठी जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि वेल उपाशी राहते. आता तो काड्यांचा यंत्रावर चुरा करतो, शेणात मिसळतो, ओल राखून ढीग पालटत राहतो. ढीग निवून मातीसारखा वास आला, की मगच बोदात भरतो. दहा टन चांगल्या शेणखतात साधारण 50 किलो नत्र असतो, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या दोन गोण्यांहून थोडा जास्त. पण तो सगळा पहिल्याच वर्षी मिळत नाही. कंपोस्टचा खरा फायदा वेगळा आहे. ते ओल आणि अन्नद्रव्यं मुळांपाशी धरून ठेवतं, त्यामुळे दिलेलं खत वाया कमी जातं.

आणि शेवाळ? तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दोऱ्यांना बांधून कप्पाफायकस नावाचं शेवाळ वाढवतात, त्याचा रस शेतीसाठी विकला जातो. त्यात वाढीला चालना देणारे घटक असतात. मुळं फुटायला, उन्हाचा ताण सोसायला मदत होते. पण त्यातलं पालाश ग्रॅममध्ये मोजायचं आणि बागेला ते लागतं किलोंमध्ये. खानापूरकडच्या भातात उपयोगी पडेल ते नीलहरित शेवाळ निराळं. ते साचलेल्या पाण्यात हवेतला नत्र बांधतं. ठिबकच्या बागेत त्याचं काय काम?

आता खत कमी होतं ते माती आणि पानदेठांच्या तपासणीनंतर, आणि जे पुरेसं निघेल तेवढंच. निम्म्याचा हट्ट त्याने सोडलेला नाही. फक्त तो आता चारच ओळींवर चालू आहे. मामांनी त्या ओळींना लाल चिंध्या बांधून ठेवल्यात. एप्रिलमध्ये छाटणीला मीही जाणार आहे.