सरकार जामीन राहते तेव्हा

(घर घेण्यासाठी कर्ज काढावे लागते, हे आपण ऐकलेले असते. हे कर्ज बुडाले तर नुकसान कोणी सोसायचे? अमेरिकेत या प्रश्नावर एक सरकारी तोड काढण्यात आली. तिची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. घर बांधणे किंवा विकत घेणे ही सोपी गोष्ट नाही, असे ही म्हण सांगते. घराची किंमत माणसाच्या कित्येक वर्षांच्या कमाईइतकी असते. एवढे पैसे फार थोड्या लोकांजवळ एकदम जमतात. म्हणून जगात बहुतेक ठिकाणी लोक कर्ज काढून घर घेतात.

या व्यवहारातले बरेच मराठी शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. कर्ज, रक्कम, मुदत, वसुली, जामीन हे शब्द उर्दूतही आहेत. मात्र एका शब्दापाशी सावध राहा. उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत 'हप्ता' म्हणजे ठरावीक मुदतीने भरायची रक्कम, म्हणजे तुमच्या भाषेतली 'किस्त'. तसेच उर्दूत ज्याला 'रहन' म्हणतात, त्याला मराठीत 'गहाण' म्हणतात. घरकर्जात घेतलेले घरच बँकेकडे गहाण असते. हप्ते भरले नाहीत तर बँक ते घर ताब्यात घेऊन विकू शकते.

आता आपण अमेरिकेत जाऊ. सुमारे शंभर वर्षांपूर्वी तेथे घरकर्ज मिळत असे, पण ते सामान्य माणसाला झेपणारे नव्हते. घराची जवळजवळ अर्धी किंमत आधी स्वतःच्या खिशातून द्यावी लागे. कर्जाची मुदतही फार थोडी, बहुधा तीन ते दहा वर्षांची असे. मुदत संपली की उरलेली मोठी रक्कम एकदम भरावी लागे किंवा पुन्हा नवे कर्ज काढावे लागे.

1929 साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि देशावर महामंदीचे संकट आले. कारखाने बंद पडले. लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. बँकांजवळच पैसा उरला नाही, मग त्या नवे कर्ज कोठून देणार? मुदत संपलेले लोक अडकले. 1933 साली तर रोज सुमारे एक हजार घरे कर्जदारांच्या हातून जात होती. बँकांना कर्ज देण्याची भीती वाटू लागली. कर्ज नाही म्हणून घरे बांधली जाईनात आणि घरे बांधली जात नाहीत म्हणून गवंडी, सुतार, वीटभट्टीचे मजूर बेकार झाले.

त्या वेळी फ्रँकलिन रुझवेल्ट हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. 27 जून 1934 रोजी त्यांनी राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यावर सही केली. या कायद्याने 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन' नावाचे सरकारी खाते सुरू झाले. या खात्याचे काम नीट समजून घ्या, कारण येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. हे खाते लोकांना कर्ज देत नाही. कर्ज बँकच देते. हे खाते त्या कर्जाचा विमा उतरवते.

आपल्याकडे पतपेढीतून कर्ज काढताना जामीनदार आणावा लागतो, हे तुम्ही घरी ऐकले असेल. कर्जदाराने पैसे बुडवले तर पतपेढी जामीनदाराला धरते. अमेरिकेतील हे खाते जवळजवळ तसाच जामीनदार आहे. फरक एवढाच की, ते या कामाबद्दल कर्जदाराकडून शुल्क घेते. सर्व कर्जदारांचे शुल्क एका निधीत जमा होते. एखाद्याचे कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान या निधीतून भरून दिले जाते.

म्हणजे हा विमा बँकेचे रक्षण करतो, कर्जदाराचे नाही. हप्ते थकले तर कर्जदाराचे घर जातेच. मग शुल्क भरून कर्जदाराला काय मिळते? त्याला कर्ज मिळते. ज्या माणसाला बँकेने दारातूनच परत पाठवले असते, त्याला ती आता आत बसवते, कारण तिचे नुकसान भरून देणारा कोणीतरी मागे उभा आहे. शिवाय सुरुवातीपासूनच या खात्याने कर्जाची मुदत वीस वर्षांपर्यंत वाढवली आणि किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू लागले. दरमहा सारखा हप्ता भरत गेले की मुदतीअखेर सगळे कर्ज फिटते, ही पद्धत त्यामुळे रूढ झाली. आज ही मुदत बहुधा तीस वर्षांची असते.

पण सरकार प्रत्येकाला जामीन राहत नाही. त्यासाठी अर्जदाराला काही अटी पूर्ण कराव्या लागतात. त्या एकेक करून पाहू.

पहिली अट पतीची आहे. येथे 'पत' म्हणजे उर्दूतील 'साख'. अमेरिकेत माणसाने पूर्वीची कर्जे आणि देणी वेळेवर फेडली की नाही, याची नोंद ठेवली जाते. त्यावरून त्याला 300 ते 850 या दरम्यान गुण मिळतात. 580 किंवा त्याहून अधिक गुण असतील, तर घराच्या किमतीच्या साडेतीन टक्के रक्कम आधी भरून कर्ज मिळू शकते. 500 ते 579 गुण असतील, तर दहा टक्के रक्कम भरावी लागते. 500 पेक्षा कमी गुण असणाऱ्याला हा विमा मिळत नाही.

दुसरी अट कमाईची. अर्जदाराचे उत्पन्न नियमित आहे का, हे पाहण्यासाठी मागील दोन वर्षांच्या नोकरीची किंवा धंद्याची माहिती तपासली जाते. पगाराच्या पावत्या, कराची कागदपत्रे, बँकेचे हिशेब दाखवावे लागतात.

तिसरी अट कर्जाच्या ओझ्याची. घराचा मासिक खर्च उत्पन्नाच्या सुमारे 31 टक्क्यांच्या आत असावा. त्यात मोटारीचे, शिक्षणाचे वगैरे इतर कर्जांचे हप्ते मिळवले, तर एकूण बोजा सुमारे 43 टक्क्यांच्या आत असावा, असा साधारण नियम आहे. अर्जदाराची बाजू इतर बाबतींत भक्कम असेल, तर यात थोडी सवलत मिळते.

आता एक उदाहरण सोडवू. कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका कुटुंबाला 2,00,000 डॉलर किमतीचे घर घ्यायचे आहे आणि त्यांचे गुण 580 च्या वर आहेत. साडेतीन टक्के म्हणजे 7,000 डॉलर त्यांनी आधी भरायचे. उरलेले 1,93,000 डॉलर बँक कर्ज देईल. विम्याचे सुरुवातीचे शुल्क कर्जाच्या 1.75 टक्के, म्हणजे 3,377 डॉलर 50 सेंट. हे शुल्क कर्जातच मिळवता येते. याशिवाय दरवर्षीचे शुल्क वेगळे. 2023 साली ते कमी करण्यात आले आणि बहुतेक कर्जांसाठी 0.55 टक्के ठरले. म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे 1,061 डॉलर, महिन्याला जवळजवळ 88 डॉलर.

याच कुटुंबाचे मासिक उत्पन्न 5,000 डॉलर आहे असे धरा. त्याचे 31 टक्के 1,550 आणि 43 टक्के 2,150 डॉलर होतात. पण मोटारीचा हप्ता 400 आणि शिक्षणकर्जाचा हप्ता 300 डॉलर असेल, तर 700 डॉलर आधीच गेले. 2,150 मधून 700 वजा जाता घरासाठी 1,450 डॉलरच उरतात. या 1,450 मध्ये मुद्दल आणि व्याज तर बसवायचेच. त्याशिवाय घराचा कर, घराचा विमा आणि सरकारी विम्याचे मासिक शुल्कही बसवायचे. म्हणजेच, पगार तोच असला तरी आधीची कर्जे वाढली की घर लांब जाते.

आधी भरायची रक्कम साठलेली नसेल, तर आईवडील किंवा इतर नातेवाईक ती देऊ शकतात. मात्र 'ही भेट आहे, ती परत घ्यायची नाही' असे लेखी द्यावे लागते. कारण ती रक्कम गुपचूप घेतलेले आणखी एक कर्ज असेल, तर सगळा हिशेबच खोटा ठरेल.

चौथी अट घराबद्दल आहे. घरात कर्जदाराने स्वतः राहिले पाहिजे. व्यवहार झाल्यापासून साधारण 60 दिवसांत त्याने राहायला जावे आणि निदान एक वर्ष तेथे राहावे, असा नियम आहे. भाड्याने देण्यासाठी घरे घेणाऱ्यांना ही योजना नाही. तसेच खात्याने मान्य केलेला मूल्यमापक घर पाहून जातो. घराची किंमत योग्य आहे का, छप्पर शाबूत आहे का, पिण्याचे पाणी आहे का, घर राहण्यास सुरक्षित आहे का, हे तो तपासतो.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेले मराठी भाषकही पुष्कळ आहेत. त्यांच्याशीही या अटींचा संबंध येतो. पूर्वी तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्यांनाही काही अटींवर हा विमा मिळत असे. 25 मे 2025 पासून ती सोय बंद झाली. त्यानंतर अमेरिकेचे नागरिक आणि तेथे कायम राहण्याचा परवाना मिळालेले लोक यांनाच मुख्यतः तो खुला राहिला. गुण तेच, पगार तोच, पण नियम बदलला की माणूस पात्र ठरतो किंवा अपात्र ठरतो.

नियमाची ही ताकद किती मोठी असते, हे या खात्याच्याच इतिहासावरून दिसते. आरंभीच्या काळात खात्याने कर्ज तपासण्यासाठी एक पुस्तिका केली होती. ज्या वस्तीत वेगवेगळ्या वंशांचे लोक एकत्र राहतात, ती वस्ती कर्जासाठी धोक्याची आहे, असे ती पुस्तिका मानत असे. त्यामुळे कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्यांना विमा नाकारला जाई. तेथील माणूस कष्टाळू आहे की आळशी, तो देणी वेळेवर फेडतो की नाही, हे कोणी विचारतच नसे.

डेट्रॉइट शहरात या अन्यायाची खूण आजही उभी आहे. तेथे एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्या लोकांसाठी घरे बांधायची होती. पण शेजारीच कृष्णवर्णीयांची वस्ती होती, म्हणून खात्याने विमा नाकारला. तेव्हा 1941 साली त्याने दोन वस्त्यांच्या मधे सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत बांधली. भिंत झाल्यावर पलीकडच्या घरांना विमा मंजूर झाला. भिंतीच्या अलीकडच्या माणसांना मात्र काही मिळाले नाही. 2006 साली तेथील रहिवाशांनी या भिंतीच्या काही भागावर रंगीत चित्रे काढली.

हे बदलायला फार वर्षे लागली. 1962 साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सरकारी साहाय्याच्या घरांबाबत भेदभाव करण्यास मनाई करणारा आदेश काढला. 4 एप्रिल 1968 रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर एकाच आठवड्याने, 11 एप्रिलला, घरांच्या व्यवहारात वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून भेदभाव करणे बेकायदा ठरवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली. 1974 सालच्या कायद्याने कर्ज देताना स्त्री-पुरुष असा किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करण्यास बंदी झाली. त्यापूर्वी पुष्कळ बँका कमावत्या स्त्रीकडेही पतीची सही मागत असत.

कायदा झाला, तरी गेलेली वर्षे परत येत नाहीत. घर म्हणजे केवळ निवारा नसतो. ती कुटुंबाची बचतही असते. हप्ते फेडून झालेले घर मुलांना मिळते. त्यावर मुलांचे शिक्षण होते, धंदा उभा राहतो. ज्या आजोबांना घर घेताच आले नाही, ते नातवंडांसाठी काय ठेवणार? म्हणून अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीत आजही मोठे अंतर आहे. त्याचे एक कारण त्या जुन्या पुस्तिकेत सापडते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कधीतरी तुम्हीही एखाद्या बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन जाल. तेव्हा देणी वेळेवर फेडण्याची सवय, जपून ठेवलेली कागदपत्रे आणि ऐपतीनुसार काढलेले कर्ज या गोष्टी तुमच्या कामी येतील. यांतले काही जण अर्जाच्या टेबलापलीकडे, नियम तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसतील. त्यांनी डेट्रॉइटची ती भिंत आठवावी. माणसाची पत त्याच्या व्यवहारावरून मोजावी. तो कोणत्या गल्लीत राहतो यावरून मोजू नये.